प्रकल्पाची चित्रं: शोधायला फुकट, छापायला महाग

पाचवी ते दहावीतल्या मुलाच्या एका प्रकल्पाला चित्रांपायी दोनशे रुपये जात असतील, तर त्यातले सव्वाशेच्या आसपास सहज वाचतात. समजा, विषय आहे ‘आपल्या जिल्ह्यातली ऐतिहासिक स्थळं’ आणि चित्रं हवीत बारा. मूल आईबरोबर झेरॉक्सच्या दुकानात जातं आणि विषय सांगतं. दुकानदार गूगलवर समोर येतील ती चित्रं उघडतो आणि एका ए-फोर कागदावर एक अशी छापून देतो. रंगीत प्रिंटचा दर पानाला दहा रुपये धरला तर एकशेवीस झाले. शोधून दिल्याचे वीस ते पन्नास वेगळे. कार्डशीट, डिंक, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन धरलं की दोनशे झालेच. तीच बारा चित्रं घरी शोधून, एका पानावर चार बसवून नेली तर तीन पानं होतात आणि तीस रुपये लागतात.

हे दर साधारण आहेत. नगरला चितळे रोडवर एक भाव असेल, अकोल्यात किंवा जामखेडला दुसरा. प्रमाण मात्र सगळीकडे तेच राहतं. शोधण्याला जवळपास काहीच लागत नाही, पैसा जातो तो कागदावर. म्हणून छापण्याआधीचा अर्धा तास नीट वापरायचा, हे या लेखाचं मुख्य सांगणं आहे.

शोधण्याचा खर्चही मोजून पाहा. रोज दीड जीबी डेटा देणारा २८ दिवसांचा रिचार्ज साधारण तीनशे ते साडेतीनशे रुपयांना पडतो. म्हणजे ४२ जीबीला तेवढे, जीबीला सात-आठ रुपये. तासभर चित्रं चाळली, त्यातली वीस-पंचवीस मोठ्या आकारात उतरवून घेतली, तरी दोन-तीनशे एमबीपेक्षा जास्त जाणं कठीण. दोन-अडीच रुपयांचं काम. त्यासाठी दुकानदाराला तीस रुपये देण्याचं कारण एकच उरतं, कुठे शोधायचं ते आपल्याला माहीत नसणं.

आधी फोनची एक सेटिंग

आपल्याकडे बहुतेक मुलं आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर अभ्यास करतात. त्या फोनवरचं गूगल खातं मोठ्या माणसाचं असतं. अठरा वर्षांखालच्यांच्या खात्यात गूगलची ‘सेफसर्च’ गाळणी आपोआप ‘फिल्टर’वर असते. मोठ्यांच्या खात्यात ती सहसा ‘ब्लर’वर असते, म्हणजे आक्षेपार्ह चित्र धूसर दिसतं, पण यादीत येतं. मुलाच्या हाती फोन देण्यापूर्वी गूगल अ‍ॅपमध्ये वर कोपऱ्यात असलेल्या आपल्या चित्रावर टिचकी मारा, सेटिंग्जमध्ये सेफसर्च उघडा आणि ‘फिल्टर’ निवडा. पैसे लागत नाहीत, मिनिटभराचं काम आहे. गाळणीतून सगळंच अडतं असं नाही, त्यामुळे लहान मूल असेल तर शेजारी बसावं.

खास मुलांसाठीची शोधसाधनंही आहेत. त्यातलं ‘किडल’ बऱ्याच शाळांना माहीत आहे. ते गूगलच्या शोधयंत्रणेवर चालतं, पण गूगल कंपनीचं नाही. तिथे पहिले काही निकाल संपादकांनी निवडलेले असतात आणि चित्रांसाठी वेगळा विभाग आहे. वापर मोफत, जाहिराती मात्र दिसतात. सौरमाला, ज्वालामुखी, मानवी हृदय, डायनोसॉर असले विषय असतील तर किडलवरून सुरुवात चांगली होते, शब्द इंग्रजीतून टाकावे लागतात. निघोजच्या रांजणखळग्यांसाठी किंवा चौंडीसाठी त्यावर वेळ घालवू नका. आपल्या जिल्ह्याचे विषय तिथे फारसे हाती लागत नाहीत.

शाळांसाठी वर्गणी घेऊन चालणारे चित्रसंग्रह आहेत. ब्रिटानिकाचा ‘इमेजक्वेस्ट’ हे त्यातलं ठळक नाव. चित्रं तपासलेली, हक्क मिळवलेली, खाली श्रेय छापायची सोय. पण ती वर्गणी शाळेनं किंवा ग्रंथालयानं भरायची असते. तुमच्या मुलाच्या शाळेनं ती घेतली असेल तर लॉगिन मागून घ्या, कारण बऱ्याचदा अशा सोयींचे पैसे फीमध्ये आधीच गेलेले असतात. घेतली नसेल तर एका प्रकल्पासाठी त्यामागे लागू नका.

जिथे खरोखर सापडतं

जिल्ह्याच्या विषयांसाठी माझी पहिली पसंती विकिमीडिया कॉमन्सला. २००४ पासून चालणारा हा मोफत संग्रह आहे, दहा कोटींहून जास्त फायली तिथे आहेत आणि नोंदणीही करावी लागत नाही. पण थेट तिथे जाऊन मराठीत शब्द टाकला तर अनेकदा निराशा होते, कारण तिथली वर्गवारी मुख्यतः इंग्रजीत आहे. सोपी वाट अशी: मराठी विकिपीडियावर कळसूबाई, भंडारदरा, हरिश्चंद्रगड असा लेख उघडा. त्यातल्या चित्रावर टिचकी मारा. छायाचित्रकाराचं नाव आणि वापराची परवानगी तिथेच दिसते, आणि तिथून कॉमन्सच्या पानावर गेलं की खाली वर्ग दिलेला असतो. त्या वर्गात त्याच जागेची आणखी चित्रं एकत्र मिळतात. चित्र उतरवताना लहान, मध्यम, मोठं असे आकार निवडता येतात. वहीसाठी मध्यम पुरतं.

नावांची एक अडचण खास आपल्या जिल्ह्याची आहे. २०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं, पण त्याआधी चढवलेली छायाचित्रं अहमदनगर या नावाखालीच आहेत. नव्या नावानं शोधून काही मिळालं नाही म्हणून मुलं थांबतात. दोन्ही नावांनी शोधा. तसंच स्थळाचं नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. भंडारदऱ्याचा जलाशय इंग्रजीत आर्थर लेक आणि धरण विल्सन डॅम म्हणून नोंदलेलं असतं. शहराजवळच्या डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत सगळे चांदबीबीचा महाल म्हणून ओळखतात, पण ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. दोन्ही नावांनी शोधलं तर चांगली चित्रं मिळतात, आणि चित्राखाली काय लिहायचं तेही मुलाला कळतं.

मराठी मजकुरासाठी मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ आहे, तेही मोफत. तिथली चित्रं मोजकी असली तरी माहिती भरवशाची. पाठ्यपुस्तकातलंच चित्र हवं असेल तर ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ विनामूल्य मिळतात, त्या पानाचा स्क्रीनशॉट काढता येतो. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपनं स्कॅन केला की पाठाचं साहित्य उघडतं. २०१७ पासून ही सोय आहे, आणि साहित्य एकदा उतरवून ठेवलं की पुन्हा नेट लागत नाही. अवकाशाच्या विषयाला नासाचा चित्रसंग्रह आहे, त्यातली बहुतेक चित्रं कुणालाही वापरता येतात. गावाचं उपग्रहचित्र इस्रोच्या ‘भुवन’वर मिळतं.

नकाशा हा वेगळा विषय. परदेशी संकेतस्थळांवरच्या भारताच्या नकाशात जम्मू-काश्मीरची सीमा तुटक रेषांनी किंवा चुकीची दाखवलेली असते. शिक्षक तो नकाशा परत करतात, ते योग्यच आहे, आणि पुन्हा प्रिंटचे पैसे जातात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर भारताचे आणि राज्यांचे नकाशे मोफत आहेत, तिथूनच घ्या.

चुकीचं चित्र सगळ्यात महाग

एका चुकीच्या चित्राचे दोनदा पैसे पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मूल चुकीचं शिकतं. रेहेकुरीच्या काळवीटांसाठी ‘हरीण’ इतकंच शोधलं तर आफ्रिकेतले स्प्रिंगबॉक समोर येतात. माळढोकाच्या जागी आफ्रिकेतलाच कोरी बस्टर्ड येतो, दोघं एकमेकांचे जवळचे नातलग असल्यानं पटकन फरक कळत नाही. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. शोधात त्या रथाच्या बदल्यात हडप्पाच्या मातीच्या खेळण्यातल्या गाड्या दिसतात. प्राण्यापक्ष्यांसाठी शास्त्रीय नावानं शोधावं. काळवीटाचं अँटिलोप सर्विकाप्रा, माळढोकाचं आर्डिओटिस नायग्रिसेप्स. ते रोमन लिपीत टाकलं की चुकीचा प्राणी यायचा जवळपास थांबतो. ही नावं त्या प्राण्याच्या मराठी विकिपीडिया लेखात दिलेली असतात.

अलीकडे यात संगणकानं बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. भंडारदऱ्याचे काजवे शोधा, झाडाच्या प्रत्येक पानावर दिवा असलेली चित्रं येतील. काही छायाचित्रं जास्त वेळ शटर उघडं ठेवून खरोखर टिपलेली असतात, काही पूर्ण बनावट. अहिल्यादेवींची तर असंख्य बनवलेली चित्रं फिरतात, ज्यात दागिने आणि वस्त्रं कुठल्या तरी मालिकेतली वाटतात. ओळखण्याचा उपाय असा: चित्र गूगल लेन्समध्ये टाका आणि ते आधी कुठे आलं आहे ते पाहा. छायाचित्रकाराचं नाव, जागा, तारीख यांपैकी काहीच सापडत नसेल तर ते चित्र सोडून द्या. प्रकल्पातलं चित्र पुराव्यासारखं असतं. बनवलेल्या चित्राला ती जागा देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दुकानात जाण्यापूर्वी

धूसर छापलेली चित्रं प्रत्येक शाळेच्या प्रदर्शनात दिसतात. कारण ठरलेलं असतं. शोधाच्या यादीत दिसणारं छोटं चित्रच बोट दाबून साठवलेलं असतं. ते जेमतेम दोन-तीनशे पिक्सेल रुंद असतं. छापील दहा सेंटिमीटर रुंदीला किमान सहाशे पिक्सेल हवेत, बाराशे असतील तर उत्तम. म्हणून आधी चित्राचं मूळ पान उघडायचं, मग साठवायचं.

दुसरा तोटा व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. दुकानदाराला चित्र नेहमीसारखं पाठवलं की ते दाबून लहान केलं जातं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ आकारात जातं. त्याहून चांगलं म्हणजे सगळी पानं जुळवून एकच पीडीएफ न्या. फोनवर गूगल डॉक्समध्ये दोन रकाने, दोन ओळींचा तक्ता करा, चौकटीत एकेक चित्र टाका, खाली नाव लिहा आणि पीडीएफ म्हणून साठवा. घरी विंडोजचा संगणक असेल तर आणखी सोपं आहे. सगळी चित्रं निवडून प्रिंट म्हटलं की एका पानावर चार किंवा नऊ चित्रं बसवायचा पर्याय येतो. नऊचा आकार पाकिटातल्या फोटोएवढा असतो, समाजसुधारकांच्या किंवा पक्ष्यांच्या तक्त्याला पुरेसा. दुकानाच्या संगणकावर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल उघडलं असेल तर निघताना लॉगआउट करायला विसरू नका.

दुकानात पहिला प्रश्न असा विचारा: दर पानाला आहे की चित्राला? बहुतेक ठिकाणी पानालाच असतो, पण विचारलं नाही तर एका पानावर एक चित्र छापून मिळतं. दुसरा प्रश्न कागदाचा. साध्या कागदावर रंगीत प्रिंट दहाच्या आसपास, चकचकीत फोटो पेपरवर वीस ते तीस, काळी-पांढरी दोन ते पाच. वहीत चिकटवायच्या चित्राला फोटो पेपरची काहीच गरज नसते, डिंकानं तो उलट फुगतो. नकाशे, आकृत्या, वनस्पतीच्या भागांची चित्रं काळी-पांढरी छापून मुलाला रंगवायला द्या. पैसे वाचतात आणि रंगवताना आकृती लक्षात राहते.

प्राथमिकच्या मुलांना फळं, वाहनं, थोर नेते असली ठरलेली चित्रं लागतात. त्यांच्यासाठी स्टेशनरीच्या दुकानातले पाच-दहा रुपयांचे छापील चित्रतक्ते अजूनही सगळ्यात स्वस्त. एका तक्त्यात वीस-पंचवीस चित्रं असतात. तिथे फोन उघडायचीही गरज नाही.

घरी प्रिंटर घ्यावा का, हा प्रश्न दर जूनमध्ये विचारला जातो. शाईच्या टाकीचा रंगीत प्रिंटर दहा ते पंधरा हजारांना येतो. एका रंगीत पानामागे कागद आणि शाई मिळून दोन रुपये धरा, म्हणजे दुकानाच्या तुलनेत पानाला आठ रुपये वाचले. बारा हजार वसूल व्हायला दीड हजार पानं छापावी लागतील. दोन मुलांच्या घरात वर्षाला पन्नास-साठ रंगीत पानं झाली तरी पंचवीस वर्षं लागतील, आणि न वापरलेली शाई दरम्यान वाळते. फक्त प्रकल्पांसाठी प्रिंटर घेऊ नका.

पैसे मागणारी संकेतस्थळं आणि कायदा

चित्रावर आडवी-तिरपी अक्षरं दिसली, तर तो विकाऊ चित्रसंग्रह आहे. तसंच चित्र मोफत संग्रहात जवळपास नेहमी मिळतं. पिक्साबे, पेक्सेल्स, अनस्प्लॅश यांवर निसर्ग, अन्न, माणसं, यंत्रं यांची छायाचित्रं मोफत आहेत, फक्त वर जाहिरातीची जी विकाऊ चित्रांची ओळ येते ती ओलांडून खाली जा. ‘सात दिवस मोफत’ म्हणून यूपीआयची परवानगी मागणारी संकेतस्थळं मुलांच्या कामासाठी पूर्ण टाळा. परवानगी दिली गेली असेल तर पेमेंट अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन ती आजच रद्द करा, नाहीतर दर महिन्याला पैसे कापले जातील. पैसे परत मिळत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

‘चित्र वापरलं तर दंड होईल का’ ही पालकांची भीती वर्गातल्या प्रकल्पापुरती अनाठायी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिकवण्या-शिकण्याच्या ओघात कृतीची प्रत करण्याची मुभा आहे. पण तोच प्रकल्प शाळेच्या वार्षिकात छापला, यूट्यूबवर चढवला किंवा बाहेरच्या स्पर्धेला पाठवला की गोष्ट वेगळी होते. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची चित्रं घ्यावीत. गूगलच्या चित्रशोधात ‘टूल्स’मध्ये ‘यूसेज राइट्स’ असा पर्याय आहे, तो निवडला की तशीच चित्रं उरतात. चित्राखाली एक ओळ लिहायला मुलाला आत्ताच शिकवा: छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स, परवान्याचं नाव. खर्च शून्य, आणि दुसऱ्याच्या कष्टाची नोंद होते.

सगळ्यात चांगलं चित्र बऱ्याचदा मुलानं स्वतः काढलेलं असतं. केंद्रीय पुरातत्त्व विभागानं २०१८ पासून मोजके अपवाद वगळता आपल्या संरक्षित स्मारकांत छायाचित्रं काढायला मोकळीक दिली आहे, सलाबतखानाची कबर त्या स्मारकांत येते. भुईकोट किल्ला, जिथे १९४२ ते १९४५ मध्ये नेहरू कैदेत होते, लष्कराच्या ताब्यात आहे. तिथे जाताना मोठ्यांनी ओळखपत्र घ्यावं आणि फोटोचा नियम दारावरच विचारावा. गावातली बारव, वीरगळ, आठवडी बाजार, उसाची मोळी, कोंबड्यांची खुराडी यांची चित्रं कुठल्याही साधनात तुमच्या गावाची म्हणून मिळणार नाहीत. ती फोनवर काढा आणि पानावर चार बसवा.

नेट नसेल तर

अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाड्यांत चित्र उघडायलाच पाच मिनिटं लागतात, तिथे वरचं बरंचसं निरुपयोगी ठरतं. अशा शाळांसाठी किविक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मराठी विकिपीडियाची चित्रांसह फाईल एकदा चांगल्या नेटवर उतरवायची, पेनड्राइव्हनं शाळेच्या संगणकावर किंवा फोनवर टाकायची, मग शोध नेटशिवाय चालतो. चित्रं लहान असतात, वहीत चिकटवण्याएवढी मात्र छापता येतात. तालुक्याच्या गावी जाणाऱ्या एखाद्या शिक्षकानं हे काम केलं तर अख्ख्या शाळेचं होतं, आणि खर्च येतो तो साडेतीन-चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हचा.

घरात न परवडणारा प्रिंटर शाळेत मात्र परवडतो. दोनशे मुलांनी वर्षाला दहा पानं छापली तर दोन हजार पानं होतात. पानाला दोन रुपये खर्च, तीन रुपये घेतले, तर मुलाचे पानामागे सात रुपये वाचतात आणि उरलेल्या रुपयातून दुरुस्ती निघते. प्रिंटरची रक्कम लोकवर्गणीतून उभी राहिली तर मुलांवर तिचा भार नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या जूनच्या बैठकीत हा विषय मांडता येईल. तोपर्यंत एकाच वर्गातल्या चार-पाच पालकांनी मुलांची पानं एका पीडीएफमध्ये जुळवून एकदमच छापून घेतली, तर बरेच दुकानदार पानाला रुपया-दोन रुपये कमी करतात.